लेकीची वाटी

शकुनने उकडलेल्या खेकड्याची पाठ उचकटली आणि कवचाखालचं पिवळं चमच्याने खरवडून जमुनाच्या वाटीत काढलं. चार वर्षांच्या खुशीला घेऊन जमुना बाळंतपणासाठी माहेरी आली, तेव्हापासून नाल्यातले खेकडे दिवसाआड घरात शिजत होते. पोटुशीच्या हाडांना बळ हवं ना! नांग्या सगळ्यांना, पिवळं मात्र एकट्या जमुनाला. त्याला हात लावायची खुद्द घरधन्याची, उत्तमरावांची प्राज्ञा नव्हती.

तेवढ्यात अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या मॅडम दारात उभ्या राहिल्या. मागच्या महिन्यात त्यांनी तपासायला याच नाल्यातले खेकडे नेले होते, आणि शकुनने त्यांची यथेच्छ थट्टा केली होती. आज त्यांच्या हातात कागद होता. त्यांची नजर वाटीवर गेली.

"हे खाऊ नका, मावशी. स्फुरदाच्या, म्हणजे फॉस्फेटच्या खतात कॅडमियम नावाचा धातू असतो, अगदी थोडा. पावसाबरोबर तो नाल्याच्या गाळात जातो. खेकडे तिथलंच खातात, आणि तो त्यांच्या अंगात साठत राहतो. सगळ्यात जास्त या पिवळ्यात."

"खाल्लं त काय होते?"

"एकदोनदा खाऊन काही नाही. पण रोज खाल्लं तर तो शरीरात साचतो, वर्षानुवर्षं निघत नाही. मूत्रपिंडं बिघडतात, हाडं ठिसूळ होतात. लहान जिवांना तर फारच जपायला हवं."

कपाशीने दगा दिल्यापासून उत्तमराव नाल्याच्या काठी वांगी लावत होते, आणि खत टाकताना तीच त्यांना म्हणायची, हात आखडू नका.

मॅडम गेल्या तशी शकुन परसात आली. जमुना खाटेवर पडली होती.

"जमे, खेकड्याचं पिवळं कितीक खाल्लं व तू?"

"काहून?"

"सांग ना."

जमुना उठून बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"रागावू नको, माय. एकदाही नाही खाल्लं. वासानंच मळमळते मले."

शकुनचा जीव भांड्यात पडला. ती खाटेच्या कडेला टेकली आणि चक्क हसली. मग तिचं हसू थांबलं.

"मंग वाटी रिकामी कशी होते?"

"खुशीले लय आवडते ना. तिलेच खाऊ घालतो मी."

शकुन धावतच आत गेली. चुलीपाशी रिकाम्या वाटीपुढे मांडी घालून बसलेली खुशी बोटं चाटत होती.

"आजी," ती म्हणाली, "आज कमीच देल्लं."