दीर्घिकेशेजारची कोर

आईनं लॅपटॉप ताटाशेजारी ओढून घेतला, चष्मा पुसला आणि चित्राकडे पुन्हा पाहिलं.

"हा मधला तेजस्वी ठिपका म्हणजे माझी दीर्घिका," लेक म्हणाली. "आणि तिच्या बाजूला ही कोर दिसतेय ना? ती फक्त क्ष-किरणांतच दिसते. दीर्घिकेनं बाहेर फेकलेला तापलेला वायू आहे तो. असा कोणी पाहिलेलाच नाही आजवर!"

"छान आहे की. कधी घेतलंस हे?"

"खाली लिहिलंय. पण तारीख कशाला हवी तुला?"

"सहज."

सहज वगैरे काही नव्हतं. आईची सगळी नोकरी वेधशाळेत धूमकेतूंच्या मागावर गेली होती. निवृत्त झाली तरी तिथले लोक तिला अजून धूमकेतूबाईच म्हणत. सूर्याकडून सुटलेला वारा धूमकेतूवर आदळला की तोही क्ष-किरणांत उजळतो, आणि उजळतो तो सूर्याकडच्या अंगानं, अगदी अशाच कोरीसारखा, हे तिला पाठ होतं.

जवळचे धूमकेतू मोठे की दूरच्या आकाशगंगा, म्हणजे लेकीच्या दीर्घिका, यावरून मायलेकींची नेहमीच जुंपायची. "तुझं सगळं अंगणातलं," लेक चिडवायची. "माझ्या दीर्घिकांचा उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता." त्यावर आईचं ठरलेलं उत्तर असे, "शेजारी कोण राहतं त्याचा पत्ता नाही, आणि बाईसाहेब निघाल्या जगाच्या टोकाला!"

आज मात्र तिला थट्टा सुचेना. दुसऱ्या दिवशी सकाळी लेक तिच्या संशोधन संस्थेच्या सभागृहात हा शोध जाहीर करणार होती. पत्रकार यायचे होते. लेक कितीतरी वर्षं तात्पुरत्या जागेवर राबत होती, आणि या शोधानंतर ती जागा कायम होणार, असं संचालकांनीच सूचित केलं होतं.

लेक भाषणाच्या तालमीसाठी संस्थेत गेली तशी आई आपल्या संगणकापुढे बसली. तिनं ती तारीख घेतली, आकाशातला तो तुकडा घेतला आणि एकेक धूमकेतूची वाट तपासू लागली. त्या दिवशी नेमका तिथूनच एक मंद धूमकेतू गेला होता. दीर्घिकेशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. आपल्या सूर्याभोवती फिरता फिरता तो दुर्बिणीच्या वाटेत आला होता, एवढंच.

"सापडला!" म्हणत ती जुन्या सवयीनं उठली, आणि मटकन खाली बसली.

लेक फोन उचलेना. संध्याकाळी आली ती थेट आपल्या खोलीत गेली. "मला काम आहे, आई," एवढंच म्हणून तिनं दार लोटून घेतलं. आईनं दारावर टकटक करायला दोनदा हात उचलला आणि दोनदा खाली घेतला. सकाळी सभागृहाच्या दाराशी तिनं लेकीला गाठलंच.

"जरा ऐक माझं."

"आधी मला बोलू दे, आई." लेकीचे डोळे तारवटलेले होते. "मग तू बोल."

आई मागच्या रांगेत जाऊन बसली. आज पोरीचं कौतुक होईल, आणि उद्या कोणीतरी परका हेच शोधून काढून तिला तोंडघशी पाडेल. त्यापेक्षा आपणच उभं राहावं का, सगळ्यांच्या देखत? तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला. लेकीच्या तोंडून 'शोध' हा शब्द आला की उठायचं.

"हे चित्र दाखवून मी आज एक शोध जाहीर करणार होते," लेक म्हणाली.

आई अर्धवट उठली.

"पण तो शोध नाही."

सभागृहात चुळबुळ सुरू झाली.

"हे निरीक्षण बरेच तास चाललं होतं. काल मी त्याचे तुकडे पाडून पाहिले." पडद्यावर एकामागून एक चित्रं आली. दीर्घिका जागच्या जागी होती, कोर मात्र दर चित्रात थोडी पुढे सरकत होती. "इतक्या लांबचा वायू हललेला दिसायला माणसाचा जन्म पुरणार नाही. ही कोर काही तासांत सरकली. मधे धूमकेतू आला होता. हे मी आधीच पाहायला हवं होतं. चूक माझी आहे."

पत्रकारांनी कॅमेरे बंद केले. संचालकांचा चेहरा उतरला होता. आई कधी खाली बसली ते तिचं तिलाही कळलं नाही.

नंतर चहाच्या वेळी संचालक आईकडे आले.

"बाई, तिच्या जागेचं आता पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागेल. मी मांडीन. असं माणूस हातचं घालवायचं नाही." मग त्यांनी भुवया उंचावल्या. "पण एक कळत नाही. चित्र तुम्हीही पाहिलं असणार. तुम्ही तर धूमकेतूबाई! तुमच्या कसं लक्षात आलं नाही?"

आजूबाजूचे चार जण वळले. कप हातात धरून लेकही पाहू लागली. धूमकेतूबाईंच्या नजरेतून धूमकेतू सुटत नाही, अशी वेधशाळेत ख्याती होती, आणि आईनं ती आयुष्यभर जपली होती.

"नाही आलं," आई खणखणीत आवाजात म्हणाली. "मला वाटलं, दीर्घिकेचीच कोर आहे."

कोणीतरी हसलं. "म्हणजे लेक वरचढ निघाली म्हणायची!"

"निघालीच," आई म्हणाली. मग पलीकडच्या टेबलावरच्यांनाही ऐकू जावं म्हणून तिनं आणखी मोठ्यानं सांगितलं, "माझ्या तर लक्षातसुद्धा आलं नव्हतं!"