अर्ध्या बाईची तिपाई

मित्रांनो, मी एक जुनी तिपाई आहे. जुनी म्हणजे किती, तर डिलाईल रोडवरच्या या काचेच्या टॉवरएवढी. टॉवरचे स्लॅब ओतून झाले, सेंट्रिंगच्या फळ्या उरल्या आणि त्यातून धोंडू सुताराने जेवणाच्या सुट्टीत मला ठोकून काढलं. माझ्या पोटाला अजून सिमेंट चिकटलेलं आहे. रंग नाही, पॉलिश नाही, पण मला थोपटून धोंडू म्हणाला होता, "इमारत हलेल, ही नाही हलायची." एवढं कौतुक मला पुन्हा मिळालं नाही, म्हणून ते आधीच सांगून टाकलं.

टॉवरमध्ये ऑफिसं आली, मला कुणीतरी सर्व्हिस लिफ्टच्या मागे सरकवलं आणि तिथे मला काशीबाई भेटली.

काशीबाई वरळी कोळीवाड्यातली. आयुष्यभर मासळी विकली. गुडघे गेले तेव्हा पाटी सुनेच्या डोक्यावर दिली आणि कंत्राटदाराकडून इथे झाडू-पोछ्याला लागली. काम सकाळी आठ ते बारा, पगारही तेवढ्याचाच. पण बाराच्या ठोक्याला सुपरवायझर जयवंत उगवायचा आणि म्हणायचा, मावशी, जरा एवढं आवरून जा. ते 'एवढं' संध्याकाळपर्यंत पुरायचं. मधे पाच-दहा मिनिटं ती येऊन धपकन माझ्यावर बसायची आणि गुडघे चोळायची. लॉबीत सोफे होते हो, मऊमऊ, पण त्यावर झाडूवाल्या बाईने बसायचं नाही, फक्त ते पुसायचे.

मग एक दिवस कळलं की टॉवरला हरित इमारतीचं प्रमाणपत्र हवंय. त्यासाठी इमारतीत माणसं किती ते आधी काढायचं असतं. पाणी, हवा, नळ, सगळं त्या आकड्यावर ठरतं. हे काम करायला शिवाजी पार्कहून मृणालिनी मॅडम आल्या. गोड आवाज, हातात टॅब, प्रत्येकाला अहोजाहो. त्यांनी सांगितलं की सफाईच्या बायकांसाठी बसायची खोली होणार, आणि जितकी माणसं मोजली जातील तितक्या खुर्च्या येणार. काशीबाईचा चेहरा काय फुलला होता! माझ्यावर टेकत ती पुटपुटली, "पाठीला टेकू असलेली खुर्ची गो." मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला खरंच पाठ नाही, मग रुसू कशाला?

मॅडमनी मोजायची रीत समजावली. आठ तास काम करणारा एक माणूस. चार तासवाला अर्धा. भेटायला आलेले पाहुणे वेगळे. जयवंत शेजारी घाम पुसत उभा होता. काशीबाई दिवसभर राबते हे तिच्या तोंडून बाहेर पडलं असतं, तर त्याची आणि कंत्राटदाराची पंचाईत झाली असती.

"मावशी, तुम्ही खरंच किती तास असता?" मॅडमनी विचारलं.

आता बघा हं, मासळीच्या बाजारात वाटा लावला की कोळीण त्यावर दोन-चार मांदेली जास्तीची टाकते. ती वरची मांदेली. तिचा हिशोब करायचा नसतो. ती गिऱ्हाईक टिकावं म्हणून असते. काशीबाईने उरलेला दिवस तसाच टाकला होता, नोकरी टिकावी म्हणून.

"चार तास लिव, बाय," ती म्हणाली. "वरचं मोजाचं नसतं."

जयवंतला डोळासुद्धा मारावा लागला नाही.

झालं! काशीबाई अर्धी झाली. दुपारच्या पाळीची सुचित्रा उरलेली अर्धी. सुचित्रा हसत म्हणाली, चला, दोघी मिळून एक बाई तरी झालो. काशीबाईही हसली. दुसऱ्या दिवसापासून मात्र जयवंत सगळ्यांसमोर "ए अर्धी" अशी हाक मारायला लागला, आणि लिफ्टमनपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना ते भारी आवडलं.

खोली झाली. छान झाली. दोघींत मिळून एक खुर्ची आली. बारानंतर तिच्यावर सुचित्रा बसायची, कारण पाळी तिची. काशीबाईने जयवंतकडे आणखी एक खुर्ची मागितली. तो चहा फुंकत म्हणाला, "कागदावर तू बाराला घरी जातेस. घरी गेलेल्या बाईला खुर्ची कशाला?"

ती परत माझ्याकडे आली.

प्रमाणपत्राची पाटी लॉबीत लावायची ठरली, तेव्हा शिडी सापडेना, म्हणून मला बोलावणं आलं. लॉबीत माझा पहिलाच मान! जयवंत बुटांसकट माझ्यावर चढला आणि काशीबाईला त्याने माझे पाय धरून बसायला लावलं, त्याच गुडघ्यांवर, गार संगमरवरावर. संध्याकाळ झाली होती. मृणालिनी मॅडम आल्या आणि तिला बघून थबकल्या.

"मावशी, तुम्ही अजून इथे?"

काशीबाईने वर पाहिलं. जयवंतचा हातोडा थांबला. आता बोल, आता तरी बोल, मी मनात ओरडत होते.

"वरचं आहे, बाय," ती म्हणाली.

मॅडमना सगळं समजलं. ते त्यांच्या डोळ्यांत मला खालून स्पष्ट दिसलं. आकडा बदलला असता तर पाटी उतरवावी लागली असती. त्या त्याच गोड आवाजात म्हणाल्या, "जरा बाजूला व्हाल? फोटोत येताय तुम्ही. आणि ही तिपाईसुद्धा."

लॉबीला शोभत नाही म्हणून मला त्याच संध्याकाळी सुक्या कचऱ्याच्या खोलीत टाकायला सांगितलं. टाकायला कुणाला सांगितलं, ते ओळखलंच असेल. तिने मला छातीशी धरून नेलं, खाली ठेवलं आणि दार लावण्याआधी एकदा माझ्यावर बसली. मग "ए अर्धी" अशी हाक आली आणि ती उठली.

मित्रांनो, उद्या गाडी येईल आणि माझं सरपण होईल. माझं जाऊ दे, मी लाकूड आहे. पण तुमच्या शाळेत, सोसायटीत कधी माणसं मोजायची वेळ आली, तर बसलेल्यांपासून सुरुवात करू नका. उभ्या असलेल्यांना आधी मोजा, आणि मोजताना पूर्ण मोजा.