भट्टीच्या चार नानकटाया

मुलं नीट जेवत नाहीत ही तक्रार ज्या घरात नाही, असं घर वाचकांपैकी कुणाच्या पाहण्यात असेल तर त्यांनी मला जरूर कळवावं. मी गाडी जुंपून ते पाहायला येईन. शेवगावातलं मुक्ताबाईचं घर काही तसं नव्हतं. सात वर्षांची छबू, तिच्या पाठचा भीमा आणि पाळण्यातलं तान्हं, अशी तीन मुलं. नवरा गहिनीनाथ बाजारात मापाडी. तो भाकरी बांधून घेऊन उजाडताच बाहेर पडायचा. मग जातं, पाणी, चूल आणि गोठ्यातली म्हैस यांत मुक्ताबाईचे दोन हात पुरत नसत. अशा धांदलीत ती गरम भाकरी भीमाच्या पुढ्यात ठेवायची आणि भीमा ताट बाजूला सारायचा.

“मला न्हाई भाकर. मला चाचीची नानकटाई पायजे.”

चाची म्हणजे पलीकडच्या घरची हाजराबी. तिच्या नवऱ्याची, नूरमहंमदची, पावाची भट्टी होती. दर आठवड्याला बाजाराच्या आदल्या दिवशी तो पाव-बटर भाजायचा. पाव निघाले की उरलेल्या धगीवर गल्लीतल्या बायका आपापल्या नानकटाया भाजून घ्यायच्या. पीठ आपलं, तूप आपलं, मळणं आणि वळणं आपल्या हातांनी. भट्टीत पत्रा सारायचा आणि काढायचा तेवढा हाजराबीनं. लढाईचे दिवस होते, सन चव्वेचाळीसचा आश्विन चालू होता. साखर रेशनवर, मैदा तर दिसेनासाच झालेला. पण हाजराबी हुशार. “साखर न्हाई तर गूळ घाला, मैदा न्हाई तर गव्हाचं पीठ घ्या, पोरांच्या अंगी लागंल,” असं तिनंच बायकांना शिकवलं होतं. भाजण्याबद्दल ती पैसे घेत नसे. दर पत्र्यामागं चार नानकटाया भट्टीच्या, असा रिवाज होता. त्या चार नानकटाया ती डब्यात ठेवायची आणि आठवडाभर गल्लीतल्या पोरांना वाटायची.

आता यात कुणाला राग यावा असं काय आहे? पण मुक्ताबाईला यायचा.

पहिल्यांदा तिनं स्वतःच घरी नानकटाई करून पाहिली. तव्यावर पीठ ठेवलं, वर झाकण घातलं. खालून कोळसा झाला आणि वरून पीठ कच्चंच राहिलं. गहिनीनाथनं एक उचलून हातात तोलली आणि म्हणाला, “मापाला वजन कमी पडलं तर ही टाकतो पारड्यात.” मुलं पोट धरून हसली. मुक्ताबाईही हसली, पण तिच्या मनातून ते गेलं नाही.

मग एका दुपारी भीमा धावताना दगडाला ठेचकाळला. गुडघा फुटला. मुक्ताबाई दारातच धान्य पाखडत होती. सूप टाकून, दोन्ही हात पसरून ती पुढे झाली. भीमा रडत आला, तिच्या हातांच्या बाजूनं तसाच पुढे गेला आणि हाजराबीच्या मांडीत जाऊन पडला! हाजराबीनं त्याच्या गुडघ्याला हळद लावली, हातात नानकटाई दिली आणि आरोळी ठोकून म्हणाली, “भाभी, काळजी करू नगा, माझ्यापाशी हाय तो.”

मुक्ताबाईचे हात तसेच पसरलेले राहिले. तिच्या छातीत जळलं. ‘नऊ महिने वागवला मी, आणि तिच्यापाशी हाय म्हने!’ त्या दिवशी तिला हाजराबीचं सगळंच खुपू लागलं. तिचं हसणं, तिचा पिठानं भरलेला पदर, तिनं भीमाला ‘राजा’ म्हणणंसुद्धा.

मत्सर वाटणं हे माणसाचं दुखणं आहे. ते कुणाला चुकलेलं नाही. पण मुक्ताबाईनं पुढे जे केलं ते दुखणं नव्हतं, तो अपराध होता.

दुसऱ्या दिवशी आडावर गल्लीतली केशरबाई भेटली. केशरबाईच्या कानात पडलेली गोष्ट घागर भरायच्या आत गावभर होते, हे मुक्ताबाईला पक्कं ठाऊक होतं.

“मुक्ता, या बाजाराला पीठ नेतीस का गं भट्टीवर? बरूबर जाऊ.”

“मी न्हाई नेत आता,” मुक्ताबाई म्हणाली. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज बारीक केला. “तिचे पत्रे बघितलंस कसे चकाकत्यात? गंजू नये म्हून फडकं फिरवती. त्या फडक्याला काय असतंय, इचार कर. चरबी! त्यांच्यात काय, चालतंय. आपला धर्म हाय का न्हाई?”

“आगं बया!” केशरबाईची कळशी आडाच्या कठड्यावर आपटली.

पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी नूरमहंमदचे थोडे पाव भाजून झाले आणि भट्टी तशीच धगधगत राहिली. एकही बाई आली नाही. हाजराबी पत्रे मांडून दारात बसून होती. मुक्ताबाईनं खिडकीतून ते पाहिलं आणि तिला गोड वाटलं. हो, गोडच वाटलं. उगाच कशाला झाकायचं? त्या दिवशी डब्यात नानकटाया नव्हत्या, म्हणून भीमा घरी बसून भाकरी जेवला, तेव्हा तर तिला आपण जिंकलो असं वाटलं.

संध्याकाळी हाजराबी दाराशी आली. आत आली नाही.

“भाभी, माझं काय चुकलं का? कुनीच आलं न्हाई. तुमीबी न्हाई.”

“येळ कुठं हाय? तान्हं रडतंय,” मुक्ताबाई वर न पाहता म्हणाली.

हाजराबी वळली. तिच्या मागं तिची लेक हमिदा उभी होती, छबूची मैत्रीण. ती छबूकडं पाहून हसली. मुक्ताबाईनं छबूला आत ओढलं.

याच सुमारास खर्ड्याहून गहिनीनाथची आत्या, राहीबाई, दसऱ्यासाठी आली. राहीबाईला लहानपणीच वैधव्य आलेलं. भावाची मुलं तिनं सांभाळली, गहिनीनाथलाही तिनंच वाढवलेलं. बोलणं थोडं, पण ज्याला लागायचं त्याला बरोबर लागायचं.

ती आली त्याच दिवशी केशरबाईच्या अंगणात मुलींचा भोंडला होता. छबू नवं परकर-पोलकं घालून उड्या मारत गेली. गाणी संपायच्या आतच ती परतली. ती रडत नव्हती. ती सरळ न्हाणीत गेली आणि घशात बोटं घालून ओकाऱ्या काढू लागली. राहीबाई धावली, मुक्ताबाई तान्ह्याला टाकून धावली.

“छबे, काय झालं गं? काय खाल्लंस?”

छबूचा चेहरा लालबुंद झाला होता. “केशरकाकूनं मला फेरात घेतलं न्हाई. आल्याआल्या समद्यांना हातावर गूळ दिला, मला लांबून वरून टाकला. म्हनली, तू बाटलीस. तू रोज चाचीकडं चरबी खाल्लीस.” तिनं पुन्हा घशात बोटं घातली. “आई, ती निघत न्हाई गं! आता कशी निघंल?”

“कोन म्हनलं चरबी?” राहीबाईनं विचारलं.

“केशरकाकू म्हनली, तुझ्या आईनंच सांगितलं.”

मुक्ताबाई भिंतीला टेकली. हाजराबीच्या दिशेनं भिरकावलेला दगड तिच्या स्वतःच्या लेकीच्या कपाळावर येऊन बसला होता. वाचकहो, असं बोलताना आपण कधी हिशेब करतो का, की त्या घरी कुणाकुणाची मुलं खेळतात, जेवतात? तिनं नव्हता केला.

राहीबाईनं छबूचं तोंड धुतलं, तिला पाणी पाजलं आणि मांडीवर घेऊन निजवलं. मग ती सुनेकडं वळली.

“मुक्ता, तू चरबी बघितलीस?”

“…न्हाई, आत्याबाई.”

“मग काय बघितलंस?”

“करडईचं तेल. वाटीत असतंय तिच्या. आन् फडकं…” मुक्ताबाई म्हणाली. “फडकं माझ्याच जुन्या लुगड्याचं हाय. मीच दिल्तं तिला.”

“आन् पोरं खात हुती त्या नानकटाया कुनाच्या पिठाच्या?”

“आमच्याच. समद्यांच्या. पत्र्यामागं चार.”

“म्हंजी तुझंच पीठ, तुझंच तूप, तुझ्याच लुगड्याचं फडकं! मग धर्म कुठं बुडाला गं?”

“आत्याबाई, माझा भीमा…” मुक्ताबाईला रडू फुटलं. “लागलं तवा मला सोडून तिच्याकडं गेला. मी हात पसरून उभी हुते!”

“आत्ता खरं बोललीस.” राहीबाईचा आवाज मऊ झाला, पण ती थांबली नाही. “हेवा वाटला व्हय? वाटू दे. मलाबी वाटायचा. गहिनीला मी वाढवला आन् तो भावजयीला आई म्हनायचा. मी कोपऱ्यात बसून रडायची. पर मी रडले ती माझ्या नावानं रडले. तू काय केलंस? तुझ्या हेव्याला धर्माचं सोवळं नेसवलंस आन् चार बायांत नेऊन बसवलंस! बायकांनी तुझा हेवा वळखला न्हाई, त्या सोवळं बघून पाया पडल्या. हेवा एका घरात राहतोय, दोन दिस जळतोय, इझतोय. पर धर्माचं नाव लावलं की तो गल्लीत फिरतो, गावात फिरतो, आन् मग पोरीला फेरातून भाईर काढतो. देवानं सांगितलं हुतं का गं तुला, माझ्या नावानं लबाडी कर म्हून?”

मुक्ताबाई डोळे पुसून उठली. केशरबाईच्या अंगणात भोंडला अजून चालू होता, बायका ओट्यावर बसल्या होत्या. घरी परतावं, उद्या बोलावं, असं तिला दर पावलाला वाटत होतं.

“केशरबाई, समद्यांनी ऐका,” ती अंगणाच्या मधोमध उभी राहून म्हणाली. फेर थांबला. “हाजराबीच्या पत्र्याला चरबी नसती. करडईचं तेल असतंय. मी खोटं बोलले.”

“आगं, मग सांगितलंस कशापायी?” केशरबाई ओरडली.

“माझी पोरं तिला जीव लावत्यात म्हून! माझं पोट जळलं म्हून! धर्माचा काय संबंध नव्हता.”

ओट्यावरच्या बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. एकीनं तोंडाला पदर लावला. दुसरी म्हणाली, “कायबी झालं तरी आमी न्हाई बाई जानार.” खोटं पसरायला एक घागर पुरते, खरं मात्र घरोघर जाऊन सांगावं लागतं, आणि तरीही काही दारं उघडत नाहीत. मुक्ताबाईला ते त्या दिवशी कळलं.

पण सगळ्यांत अवघड दार पुढेच होतं. दुसऱ्या दिवशी, बाजार पुन्हा एका दिवसावर आला असताना, ती हाजराबीकडं गेली. डोक्यावर सरपणाची मोळी, कडेवर तान्हं, आणि मागं छबूच्या हातात पीठ, गूळ, तूप. हाजराबी थंड भट्टीपाशी बसली होती. तिच्या कानावर सगळं आलेलं होतं.

“तुमी केलंत, भाभी?” ती उठली नाही. “दुसऱ्या कुनी केलं असतं तर मी हसले असते. आता पावबी कुनी घेईना. हमिदाचा बाप म्हनतोय, भट्टी मोडून नगरला हमाली करू. हमिदा इचारती, छबू माझ्याशी का बोलत न्हाई. मी काय सांगू तिला?”

“माझं नाव सांग. छबूच्या आईची चूक हाय म्हून सांग,” मुक्ताबाई म्हणाली. “मला माफ कर असं म्हनायला तोंड न्हाई मला. मी सरपन आनलंय.”

हाजराबीनं मोळीकडं पाहिलं. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, “ओलं हाय. धूर व्हईल. सुकं कोपऱ्यात हाय, ते घ्या.”

दोघींनी मिळून भट्टी पेटवली. मुक्ताबाईनं दारातच, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं बसून पीठ मळलं. तिच्याच लुगड्याच्या फडक्यानं हाजराबीनं पत्रे पुसले. पत्रा आत गेला. गूळ आणि तुपाचा वास गल्लीत पसरला. थोड्या वेळानं गल्लीतली कडूबाई डोकावली, मग पिठाची परात घेऊन आली. तिच्या मागून आणखी एक आली. केशरबाई आली नाही.

पहिला पत्रा निघाला. रिवाजाप्रमाणे मुक्ताबाईनं चार नानकटाया वेगळ्या काढल्या. त्यांतली एक उचलून, सगळ्यांदेखत, तिनं छबूच्या तोंडात घातली आणि दुसरी स्वतः खाल्ली. छबूनं आईच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. आईनं गिळल्यावर मग तिनंही गिळली.

तेवढ्यात भीमा धावत आला, उंबऱ्याला अडखळला आणि धाडकन पडला. रडत उठला, आणि यावेळीही सरळ हाजराबीच्याच कुशीत शिरला!

मुक्ताबाईच्या छातीत पुन्हा तीच कळ आली. पण यावेळी तिनं ती लपवली नाही. “हाजरा,” ती म्हणाली, “मला अजून हेवा वाटतोय बघ.”

हाजराबी खदखदून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “तुमाला वाटतोय? भाभी, माझी हमिदा रोज ताट ढकलती आन् म्हनती, मला छबूच्या आईची भाकर पायजे! लई दिस झाले, माझं पोट जळतंय. मी कुनाला सांगू?”

बंधुभगिनींनो, दुसऱ्याचं बरं पाहून आपलं मन जळलं, तर ते जळणं आपल्या नावानं सांगावं. घरात सांगावं, जमलं तर त्याच माणसाला सांगावं. पण त्याला धर्माचं, जातीचं, रीतीचं नाव देऊ नये. कारण तसं नाव मिळालेला मत्सर मग आपल्याही हातात राहत नाही, आणि आपल्याच मुलांना फेराबाहेर उभं करतो.

त्या संध्याकाळी मुक्ताबाईनं दोन भाकऱ्या जास्त थापल्या आणि फडक्यात गुंडाळून हमिदाला पाठवून दिल्या.