पन्नासावा हात

पडद्याला भोकं तीन, खुर्च्यांना पाय अडीच, आणि सभासद? ते वहीतल्या वहीत. नाट्यसंस्थेची ती व्यवस्थापक. तिला सगळे ‘तिसरी घंटा’ म्हणत, कारण ती बोलली की माणसं गपगुमान जागेवर बसत. पण बसायला आधी यायला तर हवीत! गेल्या सभेला डोकी आली अकरा, त्यातली दोन झोपायला.

अध्यक्ष, म्हणजे आपले दातांचे डॉक्टर, बजावून गेले होते, “नियम म्हणजे नियम. रविवारी पन्नास सभासद भरले नाहीत, तर संस्था बंद. हॉल फर्निचरच्या गोदामाला.”

बारा वर्षं तिने तो हॉल लेकरासारखा जपला होता. त्यात ऐन वेळी घंटेचाच घसा बसला. मग फोन करायचं काम गेलं सासऱ्यांकडे.

“बाबा, एवढंच सांगा. सूनबाईचा निरोप आहे, रविवारी दहाला हॉलवर या, शेवटची संधी आहे.”

“अगं, अख्खी नाटकं पेलली मी. एका वाक्याचं काय घेऊन बसलीस!”

सासरे चाळीस वर्षं प्रॉम्प्टर. विंगेत उभं राहून कुजबुजायचं, तेही वाक्याचं नुसतं टोक द्यायचं. पुढचं नटाने उचलायचं. हाडात मुरलेली सवय, ती फोनवर थोडीच सुटते?

रविवारी पावणेदहाला रस्ता फुलला. माणसं येत होती खाली मान घालून, हातात फुलं घेऊन. जुनी नायिका तर हुंदके देतच पायऱ्या चढली आणि दारात तिला बघून किंचाळली, “अगं बाई! तू जिवंत?”

“म्हणजे? आणि हे पुष्पचक्र कुणाला?”

“तुलाच गं मेले! तुझ्या सासऱ्यांचा फोन आला. आवाज हा एवढासा. ‘सूनबाई... रविवारी दहाला... हॉलवर... शेवटची...’ पुढचं विचारायची छाती कुणाची होती?”

तिला असं हसू फुटलं, की बसलेला घसाच उठून उभा राहिला. “माझ्या मरणाला एवढी गर्दी, आणि सभेला अकरा? आलात ना आता? कडी लावते!”

कडी लागली. हसू खुर्चीखुर्चीवरून उड्या मारत गेलं. अडीच पायांची एक खुर्ची अध्यक्षांसकट आडवी झाली, तर त्यांनी तिथूनच विचारलं, “संस्था चालू ठेवावी, असं कुणाकुणाला वाटतं?”

फुलांसकट हात वर. हॉलमध्ये बागच उगवली.

ती मोजत सुटली. अध्यक्ष धरून, स्वतःला धरून, एकोणपन्नास. पुन्हा मोजले. एकोणपन्नासच. ओठांवरचं हसू जागीच थिजलं. अध्यक्षांनी पडल्या पडल्या चष्मा पुसला, “नियम म्हणजे...”

तेवढ्यात पडद्याच्या मधल्या भोकातून एक सुरकुतलेला हात बाहेर आला. बोलणी बसतील म्हणून सकाळपासून विंगेत लपलेली कुजबुज त्यामागून आली,

“पन्ना...”

पुढचं अख्ख्या हॉलने उचललं.