नऊ नावं

“हे नऊ नावं हजेरीतून काटून टाका, मास्तरीनबाई. सोमवारी शेटजी येऊन राहिले गोंदियावरून.”

बिडी कंपनीचे मॅनेजर खेमराज यांनी कागद टेबलावर ठेवला. सुशीलाबाईंनी तो उभ्याउभ्याच वाचला. नऊही मुलींच्या आया आठ दिवसांपासून बिड्या वळायचं बंद करून घरी बसल्या होत्या.

“पोरींनी काय केलं?”

“पोरींनी नाही, त्याइच्या मायांनी केलं. ज्या बाया कंपनीचं काम करत नाही, त्याइच्या पोरी कंपनीच्या शाळेत कायले?”

“आणि मी नाही काटले तर?”

“त मंग शाळाच काटल्या जाईन. पाहून घ्या,” असं म्हणून खेमराज सायकलवर टांग टाकून निघून गेले.

सुशीलाबाई मूळच्या साकोलीच्या. सातवी पास झाल्या, लग्न झालं, आणि तिशीच्या आतच कुंकू पुसलं गेलं. अर्जुनीपासून दोन कोसांवरच्या या गावात त्या आल्या ते घुंगरू छाप बिडी कंपनीने मुलींची शाळा काढली म्हणून. त्याआधी इथल्या एकाही मुलीने पाटी हातात धरली नव्हती. कंपनीचे मालक असलेल्या शेटजींनी खोली बांधून दिली, बाईंचा पगार दिला आणि एक मोठं कपाट भरून पुस्तकं दिली. शाळा उघडली त्या दिवशी ते स्वतः सतरंजीवर मांडी घालून पुस्तकांना खाकी कव्हरं चढवत बसले होते. तो चांगुलपणा खोटा नव्हता. म्हणूनच बाईंना तो कागद फार जड वाटला.

संपाला कारण झालं ते त्या नऊ मुलींतल्या धुरपताचं वाचन. रोज संध्याकाळी बायका कंपनीच्या कारखान्यात बिड्या मोजून देत. तिथला माणूस त्यातल्या काही वाईट म्हणून बाजूला काढी. त्याला ‘छाट’ म्हणत, आणि त्या छाटीची मजुरी मिळत नसे. भिंतीवर नियमांचा एक छापील कागद कित्येक वर्षं चिकटवलेला होता. त्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं. एक दिवस दहा वर्षांची धुरपता आईबरोबर गेली आणि उभं राहून एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचू लागली, “छाट… बिडी… कामगाराच्या… समोर… मोडावी.”

छाट बिडी मोडताना आजवर कुणी पाहिली नव्हती. ती तर इतर बिड्यांबरोबरच बंडलात बांधून विकली जाई. दुसऱ्या दिवसापासून कुणी कारखान्यात गेलं नाही.

त्या संध्याकाळी बाई धुरपताच्या आईकडे, देवकाबाईकडे गेल्या. देवकाबाई चुलीपुढे भात वेळून पेज गाळत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“बाई, तुमी म्हनसान त उद्याच बसतो आमी कामाले. पोरीची शाळा नाही गेली पाह्यजे. सांगा, काय करू?”

एवढा भार आपल्यावर येईल असं बाईंना वाटलं नव्हतं. एक ‘हो’ म्हटलं की शाळा वाचत होती, पगार वाचत होता, कपाट वाचत होतं. आणि धुरपताला कळणार होतं की आपण वाचलं हेच चुकलं.

“नका बसू,” त्या म्हणाल्या. “शाळेचं माह्यावर सोडा.”

सोमवारी शेटजी आले. बरोबर खेमराज होते. मुली उभ्या राहिल्या. बाईंनी हजेरी उघडली आणि एकही नाव न गाळता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. नऊही मुलींनी ‘हजर’ म्हटलं. धुरपताचा आवाज सगळ्यात मोठा होता.

शेटजींचा चेहरा उतरला. “बाईजी, मैंने स्कूल झगड़े के लिए नहीं खोला था.”

“नाही शेटजी. वाचायला शिकवण्यासाठी उघडली,” बाई म्हणाल्या. “या मुलीला आलं वाचायला. तुमच्याच कारखान्यातला कागद वाचला तिने, तुमचाच नियम. त्यात खोटं काही असेल तर माझं नाव काटा. हिचं कसं काटू?”

शेटजी कपाटाकडे बघत राहिले. मग बाहेर जाऊन मोटारीत बसले.

तिसऱ्या दिवशी कपाट न्यायला कंपनीची बैलगाडी आली. बाईंनी घरी गेलेली पुस्तकं सगळ्या मुलींकडून मागवली, एकेक पुसून घेतली आणि आपल्या हाताने कपाटात लावून दिली. कपाट गाडीत चढलं, दारावरची शाळेची पाटी उतरली, खोलीला कुलूप लागलं.

पुढच्या महिन्यात संप मिटला. छाट बायकांसमोर मोडायची हे कंपनीने कबूल केलं. शाळा मात्र देवकाबाईच्या पडवीत दोन वर्षं भरली. घरोघरचे तांदूळ हाच बाईंचा पगार. तालुक्याच्या जनपद सभेच्या कचेरीत त्यांनी अर्ज दिले, खेटे घातले, साहेबांपुढे मुलींना उभं करून वाचून दाखवलं. शेवटी मंजुरी आली. सरकारी शाळा झाली, आणि ट्रेनिंग झालेल्या शकुंतलाबाई शिकवायला आल्या. नुसत्या सातवी पासला सरकारी नियमात जागा नव्हती.

नव्या शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी सवयीने सकाळीच वेणी घातली आणि धुतलेलं लुगडं नेसून त्या निघाल्या. देवकाबाईच्या दारात मात्र थबकल्या. देवकाबाई तापाने फणफणलेली होती. धुरपता मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसली होती.

“काऊन वो, शाळेत नाही गेली?”

“आजचा माल कोन देईन, बाई? मायचा हात नाही चालत.”

बाईंनी तिच्या मांडीवरचं सूप उचललं आणि तिथेच बसकण मारली.

“तू जाय. मी बांधतो.”

धुरपता घुटमळली.

“जाय म्हनलं ना! नवी बाई पहिल्याच दिवशी गैरहजर मांडन.”

पोरगी पिशवी घेऊन पळाली. बाईंनी तेंदूचं एक पान घेतलं, चिमूटभर जर्दा भरला आणि त्या वळायला लागल्या. बिडी वाकडी झाली. ती सोडवली, पान मांडीवर सरळ केलं आणि पुन्हा वळायला घेतली.