मंगळवारची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. माझा निळा रंग कडांना उडाला आहे, एक बंद दोनदा शिवून झाला आहे आणि चेन अर्ध्यावर येऊन रुसते. तरी मी अडगळीत गेलेले नाही. दर मंगळवारी मी अजून घराबाहेर पडते. ते कसं काय, हे कळायला माझी सगळी हकीकत ऐकावी लागेल.

माझा जन्म एका पिशव्या शिवणाऱ्या बाईंच्या दुकानात झाला. दुकान एवढंसं, की शिवणयंत्र आत आणि गिऱ्हाईक बाहेर. एक दिवस औषधांच्या दुकानात काम करणारी एक आई तिथे आली. म्हणाली, "माझी मुलगी पोहायलाही जाते आणि फुटबॉलही खेळते. ओला टॉवेल आणि चिखलाचे बूट एकत्र आले, की घरात उभं राहवत नाही. काहीतरी तोडगा काढा."

"मग मधे भिंतच घालते," बाई म्हणाल्या.

त्यांनी उरलेल्या ताडपत्रीतून मला शिवलं. एका बाजूला कोरडा कप्पा, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकचं अस्तर लावलेला ओला कप्पा. त्याच्या तळाला तीन भोकं, पाणी निथळायला. माझ्यासारखी पिशवी आधी कोणाकडे नव्हती, हे मी थोड्या अभिमानानेच सांगते.

मुलगी अकरा वर्षांची होती. पायाला भिंगरी लागलेली, म्हणून घरात आणि मैदानावर सगळे तिला भिंगरीच म्हणत. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी मैदान. मंगळवारी आणि शनिवारी तलाव. तलाव म्हणजे नगरपालिकेचा, निळ्या फरश्यांचा, पायऱ्यांवर शेवाळ न येऊ देणाऱ्या एका कडक बाईंच्या राज्यातला. त्या पोहायला शिकवत. त्यांच्या गळ्यात शिट्टी असे, आणि मुलं त्यांना पाठीमागे शिट्टीबाई म्हणत. समोर अर्थातच फक्त बाई.

मंगळवारी भिंगरी आणि तिच्या दोन मैत्रिणी तळाशी टाकलेलं रबरी कडं बुडी मारून काढत. उताणं पडून कोण जास्त वेळ तरंगतं, याची पैज लावत. तरंगताना भिंगरीला हसू यायचं आणि हसलं की ती बुडायची, म्हणून ती नेहमी हरायची. मी कठड्यावर बसून हे सगळं पाहत असे. घरी आलं की ती माझे दोन्ही कप्पे रिकामे करायची, मला उलटी करून गॅलरीत टांगायची. ते दिवस माझे सुखाचे.

मग एका शनिवारी बाईंनी सहज म्हणून तिला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहायला लावलं आणि हातातलं घड्याळ पाहिलं. पुन्हा पोहायला लावलं. पुन्हा पाहिलं.

"उद्यापासून रोज सकाळी सहाला यायचं," त्या म्हणाल्या. "दोन महिन्यांनी शाळांच्या स्पर्धा आहेत."

त्याच आठवड्यात फुटबॉलच्या सरांनी तिला शाळेच्या संघात घेतलं. तिकडेही सराव रोजचा झाला. छापखान्यात काम करणाऱ्या तिच्या बाबांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. "एक मुलगी, दोन खेळ!" ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. भिंगरीला बाई आणि सर, दोघांपैकी कोणालाच नाही म्हणता आलं नाही. दोन डगरींवर पाय ठेवून ती धावू लागली.

मित्रांनो, माझी परवड तिथून सुरू झाली. सकाळी तलाव, मग शाळा, मग मैदान. मला रिकामी करायला वेळ कोणाला होता? ओला टॉवेल माझ्या पोटात तसाच राही. घाईत बूट ओल्या कप्प्यात जात आणि चड्डी बुटांखाली. पंधरा दिवसांत माझ्या अस्तराला काळे ठिपके पडले. वर्गात भिंगरीच्या शेजारची मुलगी नाक धरून दुसऱ्या बाकावर गेली. मला लाज वाटली, पण पिशवीने स्वतःला कसं धुवायचं?

घरी आईने मला दोन बोटांत धरून गॅलरीत ठेवलं. "या पिशवीला काय झालंय गं?"

"काही नाही," भिंगरी म्हणाली आणि ताटावरच पेंगली. घास हातात तसाच राहिला. बाबा म्हणाले, "खेळाडूंचं असंच असतं." आईने तो घास भिंगरीच्या हातातून काढून घेतला आणि तिला अंथरुणावर नेलं.

एका गुरुवारची सकाळ मी विसरणार नाही. आदल्या दिवशी मैदानावर मोठा सामना झाला होता. भिंगरी पूर्ण वेळ धावली होती. सकाळी ती खोल बाजूने पोहत येत होती आणि मधेच थांबली. तिच्या पोटरीत गोळा आला होता. तिने हात वर केला, तोंड उघडलं, आणि पाण्याखाली गेली. बाईंनी शिट्टी वाजवली नाही. त्यांनी अंगावरच्या कपड्यांसकट, घड्याळासकट उडी मारली.

क्षणात दोघी कठड्यावर होत्या. भिंगरी खोकत होती, पण ठीक होती. बाई तिची पोटरी चोळत माझ्याशेजारी बसल्या. माझ्यातला टॉवेल त्यांनी ओढून काढला, वास घेतला आणि तो बाजूला ठेवून स्वतःचा तिच्या खांद्यावर टाकला.

"काल खेळलीस?"

"हो."

"परवा?"

"हो."

"अगं मग आज कशाला आलीस?"

"तुम्ही रागावला असता. आणि सरांकडे नाही गेले तर सर. आणि बाबांना आवडतं."

बाईंचा पोटरीवरचा हात थांबला. मग म्हणाल्या, "आणि तुला काय आवडतं?"

भिंगरीने विचार केला. "मला मंगळवार आवडायचा."

"मंगळवारी काय असायचं?"

"काहीच नसायचं," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

त्या संध्याकाळी मैदानाच्या बाकावर चार मोठी माणसं बसली: आई, बाबा, बाई आणि फुटबॉलचे सर. भिंगरी मला छातीशी धरून समोर उभी होती, म्हणजे खरं तर माझ्याआड लपली होती.

"माझ्या बचावाची ती भिंत आहे," सर म्हणाले. "पण मला तुमचा रोजचा सराव ठाऊकच नव्हता, बाई."

"मला तरी तुमचा कुठे होता?" बाई म्हणाल्या. "कोणी विचारलंच नाही."

बाबा चुळबुळले. "स्पर्धा एवढ्या तोंडावर आल्या आहेत. आता सोडायचं म्हणजे..."

"आज तिचं काय झालं असतं, ते तोंडावर आलं होतं," आई म्हणाली. बाबांनी मान खाली घातली.

मग सगळ्यांनी भिंगरीकडे पाहिलं. ती माझ्याआडून म्हणाली, "मला फुटबॉल संघातून खेळायचाय. पोहायचंही आहे. पण घड्याळ नको. मंगळवार, शनिवार, पूर्वीसारखं. आणि रविवारी झोपायचंय."

बाईंना वाईट वाटलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. हाती लागलेला मोती परत पाण्यात सोडायचा होता. पण त्या म्हणाल्या, "ये. मंगळवारी मी घड्याळ घरी ठेवीन. तसंही बंद पडलंय ते." सरांनी मंगळवार, शनिवार आणि रविवारचा सराव तिला माफ केला.

सगळं गोड झालं असं मात्र नाही, मित्रांनो. पोहण्याच्या स्पर्धेत भिंगरीच्या मैत्रिणीने पदक जिंकलं. भिंगरीने टाळ्या वाजवून हात लाल केले, आणि घरी येताना ती वाटभर दगड लाथाडत आली. फुटबॉलचा अंतिम सामनाही तिचा संघ एका गोलने हरला. पण त्या रात्री ती पोटभर जेवली, सरांची नक्कल करून तिने आईला हसवलं, आणि निजण्याआधी मला रिकामं केलं. आईने मला आधीच सोडा घालून गरम पाण्याने घासलं होतं. काळे ठिपके पुरते गेले नाहीत. वास गेला.

पुढच्या मंगळवारी माझ्या कोरड्या कप्प्यात एक भलीमोठी नवी चड्डी आली. ती बाबांची होती. छापखान्यातून ते लवकर सुटले होते. तलावाच्या पहिल्या पायरीवर घोटाभर पाण्यात ते उभे राहिले, आणि तिथून काही हलेनात.

"बाबा, या ना आत!"

"आलो, आलो," ते म्हणाले आणि तिथेच राहिले. मग हळूच, इकडेतिकडे पाहून म्हणाले, "मला येत नाही गं."

मैत्रिणी खुदखुदल्या. भिंगरी हसली नाही. तिने त्यांचा हात धरून त्यांना उथळ पाण्यात आणलं, उताणं निजवलं आणि पाठीखाली दोन्ही तळवे धरले. बाबांनी डोळे घट्ट मिटले होते, मुठीही.

"मुठी सोडा, बाबा. पाणी धरता येत नाही. तेच आपल्याला धरतं."

बऱ्याच वेळाने मुठी सुटल्या. भिंगरीने एक तळवा काढून घेतला, मग दुसरा. बाबांना ते कळलंही नाही.

आज भिंगरी कॉलेजात आहे. तिच्याकडे चाकांची नवी बॅग आहे. ती फुटबॉल खेळते, आणि घरी आली की तलावावर चक्कर टाकते. मी बाबांकडे आहे. त्यांचे केस पिकले, माझी चेन रुसते. आम्ही एकमेकांना सांभाळून घेतो.

मित्रांनो, तुम्ही हवे तितके खेळ खेळा. मला दोन कप्पे आहेत, तुम्हाला चार असतील. पण घरी गेल्यावर पिशवी उघडा, ओलं बाहेर काढा, तिला वारा लागू द्या. थकलात तर कोणाला तरी थकलो म्हणून सांगा. ते कोणी ओळखेल याची वाट पाहू नका. आणि आता मला निघायला हवं. बाबांनी टॉवेल आत ठेवला आहे, आणि ते दारात उभे राहून चपला शोधत आहेत.