आपला प्रेंटिस

आठवडाभर सुनेत्राच्या पोटात एक गोष्ट खदखदत होती आणि ती कोणाला सांगायची चोरी होती. बर्मिंगहॅमच्या कोर्टात तिची ज्युरीवर निवड झाली होती. जजसाहेबांनी बजावलं होतं, केसबद्दल घरात, दारात, कुठेही चकार शब्द काढायचा नाही. आता सुनेत्राला गप्प बस म्हणणं म्हणजे कुकरची शिट्टी बोटाने दाबून धरणं! पण बिचारीने धरली.

आरोपी होता तिथला नगरसेवक, कौन्सिलर प्रेंटिस. केअर होममधल्या म्हाताऱ्यांची पोस्टाने जाणारी मतं त्याने परस्पर स्वतःलाच देऊन टाकली, असा आरोप. ऐंशीच्या पुढच्या डोरीनबाई काठी टेकत साक्षीला आल्या. "मला कोणी विचारलंच नाही," एवढंच त्या म्हणाल्या. त्यावर रुमालाने डोळे कोणी टिपले, तर प्रेंटिसने! लबाड मेला. त्याच क्षणी सुनेत्राने ठरवलं, हा सुटता कामा नये.

"डोकं जरा हलकं कर," म्हणत शुक्रवारी तिचा नवरा दीनानाथ तिला फ्रेंच सिनेमाला घेऊन गेला. राजकारण्यांची यथेच्छ टर उडवणारा सिनेमा. एका मंत्र्यावर खटला चालतो, तो साक्षीदाराच्याच गळ्यात पडून रडतो, त्याच्याबरोबर अख्खं कोर्ट रडतं आणि शेवटी तुरुंगात जातो साक्षीदार. थिएटरमध्ये लोक हसून हसून बेजार झाले. सुनेत्रा मात्र खुर्चीत थिजून बसली. तस्संच डोळे टिपणं, बाई!

बाहेर लॉबीत आल्याबरोबर तिचं तोंड सुटलं.

"अहो, हा तर हुबेहूब आपला प्रेंटिस! काही झालं तरी त्याला सोडायचं नाही हं!"

"अगं, हळू!" दीनानाथ म्हणाला.

"कोणाला कळतंय इथे मराठी!"

आपल्या लोकांची ही जुनी खोड. शेजारच्या बाईच्या टोपीला भर बसमध्ये नावं ठेवतात, ती याच भरवशावर.

"काकू..." मागून आवाज आला. ओळखीच्या शशीताईंची मुलगी मीनल! जन्माने इथलीच, मराठी मोडकंतोडकं आणि नोकरीला नेमकी त्याच कोर्टात. "मी तुम्हाला ज्युरीमध्ये बघितली. आता तुमचा बोलणं पण ऐकली. मला हे जजला सांगायला लागणार. सॉरी, काकू."



सोमवारी तिला एकटीलाच कोर्टापुढे उभं केलं. बाकीची ज्युरी बाहेर. पिंजऱ्यात प्रेंटिस, वर प्रेक्षकांत डोरीनबाई. बोलल्याबद्दल बोलणी खावी लागणार, हे तिने धरलंच होतं. जजसाहेबांनी मीनलने करून दिलेलं भाषांतर वाचलं.

"अवर ओन प्रेंटिस. व्हॉटेव्हर हॅपन्स, वी मस्ट नॉट अबँडन हिम."

सुनेत्रा बघतच राहिली. अरे देवा, हे काय भलतंच! आमचा लाडका प्रेंटिस, काही झालं तरी त्याला अंतर द्यायचं नाही? तिने?

"नो, नो! मराठीत आम्ही 'आपला' कोणालाही म्हणतो! चोरालासुद्धा!"

"पण त्याचा अर्थ 'अवर' असा होतो?"

"होतो, पण..."

"आणि सोडणं म्हणजे 'लीव्ह'?"

"हो, पण मला म्हणायचं होतं की त्याला..."

"थांबा!" जजसाहेब कडाडले. "आरोपीबद्दल तुमचं मत काय, ते या कोर्टात उच्चारायचं नाही. आणि निकाल लागेपर्यंत बाहेरही नाही."

झालं! खरं सांगावं तर जीभ बांधलेली, न सांगावं तर ती प्रेंटिसची सख्खी. संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही लोकांना प्रेंटिससाठीच वाटलं असणार. ज्युरीतून तिची रवानगी झाली. उरलेले अकराजण खटला पुढे ऐकणार होते. त्यातले निम्मे त्या रुमालाला कधीच भुलले होते, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

कॉरिडॉरमध्ये प्रेंटिसने तिला गाठलं. जामिनावर असल्यामुळे गडी मोकळाच हिंडत होता. वकील दंड धरून ओढत असतानाही त्याने छातीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "थँक यू, लव्ह."

काठी टेकत डोरीनबाई मागून येत होत्या. त्या थबकल्या. रागावल्यासुद्धा नाहीत, नुसतं खालच्या आवाजात विचारलं,

"तुम्ही त्याच्या कोण?"

आणि निकाल लागेपर्यंत सुनेत्राला हेही सांगायची चोरी होती.